आप्पांचा दगड मी उचलला

या सदरातले अनुभव मी न चुकता वाचते आणि, खरं सांगते, निम्म्याहून जास्त वेळा हसते. कुणाला चकवा लागतो, कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते... मी सोलापूरच्या एका हायस्कुलात सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली. शेजारच्या काकूंनी अमावास्येला दाराला लिंबू-मिरची बांधली की मी विचारायचे, "काकू, भजी कधी करताय?" अशी मी. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते आहे, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटते आहे. गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची आहे. आता लिहायला एक कारण झालंय, ते शेवटी सांगते.

माझे वडील, आप्पा, सोलापुरात मिलमध्ये विणखात्यात होते. तीस वर्षं साच्यांच्या, म्हणजे मिलमधल्या मागांच्या, खडखडाटात उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेले. कमी ऐकू यायचं असं नाही, यायचंच नाही. पाठीमागे पातेलं आपटलं तरी वळून बघायचे नाहीत. ओठ बघून बोलणं ओळखायचे, आणि मिलमधल्या लोकांच्या हाताच्या खुणा असतात, त्या आम्ही घरी सगळे वापरायचो. आई लवकर गेली होती, भाऊ पुण्याला. घरात आप्पा आणि मी, दोघंच. आणि मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, रोज चालायचं, पण अगदी हळू. वाकायचं नाही, उचलायचं नाही, धावपळ नाही.

हळू चालणं म्हटल्यावर मला हिरेमठ सर आठवले. आमच्याच शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. दर रविवारी सात-आठ जणांना घेऊन नदीकाठाने, माळरानाने चालायचे आणि दगड वेचायचे. गारगोट्या, अकीक, पोटात स्फटिक असलेले गोटे. गाव त्यांना 'गोगलगाय मंडळ' म्हणायचं, आणि नाव चुकीचं नव्हतं. तासाभरात दोन फर्लांग गेले तर खूप झालं. पोरं घाई करायला लागली की सर म्हणायचे, "निधान, निधान." कानडीत निधान म्हणजे सावकाश. "पळणाऱ्याला दगड दिसत नाही, ठेच लागते फक्त."

मला ही चाल मुळीच झेपायची नाही. माझा स्वभाव घाईचा. पण आप्पा तिथे रमले. सर कुठे काय सांगतात ते त्यांना ऐकू यायचं नाही, पण दगड बघायला कान कशाला लागतात? त्यांना वाकायला मनाई होती, म्हणून ते काठीने दाखवायचे आणि मी उचलून द्यायचे. मग तो दगड तळहातावर घेऊन कापडाचा पोत बघावा तसा बघायचे.

सरांचा एक नियम होता. निघताना एखाद्या झाडाखाली चादर अंथरायची. मंडळातले नरसय्या म्हणून होते, त्यांचे स्वतःचे हातमाग होते, चादर त्यांची असायची. प्रत्येकाने घरून आणलेला आपला एक ठरलेला दगड त्या चादरीवर ठेवायचा आणि मग चालायला लागायचं. परत आलं की ज्याने त्याने आपला दगड उचलायचा. चादरीवर दगड उरला, तर कुणीतरी मागे राहिलंय, निघायचं नाही. आणि सर प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी सांगायचे, "आपला दगड आपण. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही." मला वाटायचं, शाळामास्तरांची खोड.

आप्पांचा दगड काळा, गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळता होता. थेट मागाच्या धोट्यासारखा. म्हणून तर त्यांनी तो निवडला होता.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, फेब्रुवारी महिना. उजनीचं धरण तेव्हा झालेलं नव्हतं आणि भीमा आटून नुसती वाळू आणि गोटे राहिले होते. सर हरखले होते, कारण एरवी पाण्याखाली असणारा तळ उघडा पडला होता. सकाळच्या एसटीने विजापूर रोडला, पुलाच्या बरंच अलीकडे आम्ही आठ जण उतरलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रस्त्यापासून नदी वीसेक मिनिटांवर. काठावर एक मोठी बाभूळ होती, तिच्याखाली चादर अंथरली, आठ दगड ठेवले आणि पात्रात उतरलो. मी हिरवं पातळ नेसले होते. हे सांगायला कारण आहे.

पात्रात पाणी कुठेच नव्हतं. फक्त वळणापलीकडे एक डोह होता, हिरवागार, काठाला शेवाळ. सरांनी लांबूनच काठी दाखवून सांगितलं होतं की तिकडे जायचं नाही, तळ लागत नाही. आप्पांना मी ते खुणेने सांगितलं, त्यांनी मान हलवली.

रांगेत शेवटी चालणाऱ्याला सर 'शेपूट' म्हणायचे. शेपटाने कुणाला मागे टाकायचं नाही. आप्पा सगळ्यांत हळू, म्हणून त्या दिवशी शेपूट मी होते.

साडेअकराला आम्ही परत फिरलो, कारण साडेबाराची एसटी गाठायची होती. वळणापाशी आप्पांच्या वहाणेचा अंगठा तुटला. ते एका खडकावर बसले आणि सुतळीने बांधायला लागले. मी दोन मिनिटं थांबले. तीन मिनिटं थांबले. आप्पांनी मान वर करून खूण केली, तू हो पुढं, मी आलोच. आणि मी झाले पुढे.

थोड्या अंतरावर वाळूत मला मधाच्या रंगाचा एक अकीक दिसला. तो सुटेना, म्हणून बसून दोन्ही हातांनी उकरत बसले. पात्रात पांगून दगड बघणारे दोघं-तिघं माझ्या मागून गेल्याची पावलं वाजली. त्यांत आप्पा असणारच, असं मी धरून चालले. वर बघितलं नाही. आजही त्या अकीकाचा मला राग येतो, म्हणजे बघा.

बाभळीपाशी आले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. सगळ्यांची आवराआवर चालली होती, सर पाण्याचा कॅन बांधत होते. झाडापलीकडे धोतर आणि पांढरी टोपी घातलेली एक पाठ दिसली. पाणी पीत होती. मला वाटलं, आप्पा. चादरीवर दोनच दगड उरलेले, माझा आणि तो धोट्यासारखा. आता ह्यांना कशाला वाकायला लावायचं, म्हणून मी दोन्ही उचलले. त्या पाठीकडे बघत, आप्पांना ऐकू येत नाही हे माहीत असूनही आपण बोलतो ना, तसं हसत म्हणाले, "आप्पा, तुमचा दगड मी घेतला हो. चला आता."

चादर रिकामी बघून सरांनी ती झटकली, घडी घातली. आम्ही रस्त्याला लागलो. मी दोघी-तिघींशी बोलत पुढे, पुरुष मागून.

रस्त्यावर पोचल्यावर सगळे झाडाच्या सावलीला टेकले. ती पांढरी टोपी आली आणि मान वळवली. नरसय्या.

"आप्पा कुठे आहेत?" मी विचारलं.

"तुमच्यासंगं होते की, बाई," नरसय्या म्हणाले.

सर माझ्याकडे बघत होते. "सुमन, चादर रिकामी होती. आप्पांचा दगड कुठं आहे?"

मी मूठ उघडली. सर मला रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि ज्या माणसाला मी कधी जोरात बोलताना ऐकलं नव्हतं तो ओरडला, "पळ! पळ आधी!"

मी पळाले. मागोमाग नरसय्या. हातात दगड तसाच. सगळ्यात भयंकर गोष्ट ही की हाक मारून उपयोग नव्हता. कुणाचा बाप हरवला तर तो नावाने ओरडत सुटेल. मी काय ओरडणार? वाटेत कुठे छाती धरून पडले असतील, पालथे, आणि मी शंभर पावलांवरून गेले तरी त्यांना कळणार नाही... असलं काहीबाही मनात येत होतं आणि मी रडत पळत होते.

बाभळीच्या पुढे काठावर एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. दुष्काळात सांगोल्याकडून शेरडं घेऊन पाण्याच्या मागे फिरणारी माणसं तेव्हा खूप दिसायची, त्यांतली. मी धापा टाकत विचारलं, "एक म्हातारे बघितले का, पांढरी टोपी, हातात काठी?"

"बगितलं की. आत्ताच गेलं वळणाकडं. हिरव्या लुगड्याच्या बाईमागनं." एवढं बोलून ती माझ्या पातळाकडे बघायला लागली. मग तोंडाकडे. हातातली काठी तिने छातीशी धरली. "तूच व्हतीस की गं ती... आत्ता तर त्येच्याम्होरं चालत व्हतीस."

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. नरसय्या पुटपुटले, "अय्यो देवुडा..."

म्हातारीचं लक्ष माझ्या मुठीकडे गेलं. "हातात काय हाय?"

"त्यांचा दगड. वडिलांचा. मी उचलला."

"जित्या मानसाचा खडा उचललास?" ती उठूनच उभी राहिली. "खडा कुनाचा उचलत्यात, ठाव न्हाय व्हय तुला? गेलेल्याचा! ठिव त्यो खाली. आदी खाली ठिव!"

स्मशानात अग्नी दिल्यावर खडा उचलतात, जीवखडा म्हणतात त्याला, दहा दिवस तोच गेलेला माणूस समजतात, हे मला माहीत होतं. आईच्या वेळी बघितलं होतं. पण त्या क्षणी मला म्हातारीचा रागच आला. इथे माझा बाप सापडत नाही आणि हिला अंधश्रद्धा सुचतेय! मी दगड तसाच धरून पात्रात उतरले.

वळण ओलांडलं आणि आप्पा दिसले. पाठमोरे. आमच्यापासून फार तर शे-दीडशे पावलं. चालत होते, मंडळात चालायचो तसेच. चार पावलं, थांबणं, पुढच्याने काही दाखवल्यासारखं बघणं, पुन्हा चार पावलं. पुढे कुणी नव्हतं. पुढे नुसता डोह होता.

मी जीव खाऊन पळाले. माझं वय सव्वीस, शाळेत मी मुलींना खो-खो शिकवायचे. आप्पा तासाला दोन फर्लांगाच्या चालीने चालले होते आणि मला अंतर तोडता येत नव्हतं. वाळूत पाय रुततात, मान्य. पण मी पळतेय, नरसय्या पळतायत, आणि आप्पा तेवढेच लांब! मी ओरडत होते. ऐकू येणार नाही हे ठाऊक असताना घसा फाटेपर्यंत ओरडत होते. त्यांचे पाय पाण्यात गेले. थांबले. मान हलवली, कुणाचं तरी बोलणं पटल्यासारखी. पुन्हा चार पावलं. धोतराचा सोगा पाण्यावर पसरला. गुडघे गेले. मग कंबर.

माझं विज्ञान त्या वेळी कुठे गेलं, मला विचारू नका. मी मटकन खाली बसले आणि तो दगड दोन्ही हातांनी वाळूत ठेवला. देवापुढे ठेवतात तसा. तोंडाने काय म्हणत होते आठवत नाही.

वर बघितलं. आप्पा थांबले होते. झोपेतून उठलेल्या माणसासारखं इकडेतिकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि वळले. मला बघून त्यांचा चेहरा जो झाला... मी तो कधीच विसरणार नाही. त्यांनी झटकन मान फिरवून पुन्हा डोहाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी दोन ठिकाणी कशी, असं.

नरसय्या आणि मी पाण्यात शिरून त्यांना ओढून काढलं. तेव्हा अंतर काहीच नव्हतं, वीस पावलंसुद्धा नसतील. आप्पांच्या खांद्याला दगडांची पिशवी होती, ती निघता निघेना. वाळूत आणून टाकली तेव्हा कळलं. आत गारगोट्या नव्हत्या. नारळाएवढाले काळे, बिनकामाचे गोटे होते, आम्ही कुणी लाथही मारली नसती असले. पिशवी तोंडापर्यंत भरलेली. मला ती एका हाताने उचलेना.

"आप्पा, हे कुणी भरलं?" मी त्यांच्यासमोर बसून विचारलं.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. "तूच दिलीस की उचलून. मी कुटं वाकतोय? तू येकेक देत गेलीस, मी घेत गेलो."

"मी नव्हते, आप्पा. मी रस्त्यावर होते."

"आसं कसं? तू हाक मारलीस मला."

नरसय्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खुणेने विचारलं, कान दाखवून. ऐकू आलं?

"आलं की," आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी वहाण बांधत बसलो व्हतो आन् ऐकू आलं. लई वर्सानं, सुमे. तुजा आवाज मी तुज्या ल्हानपनी ऐकलेला, आता बाईमानसाचा झालाय. म्हनालीस, आप्पा, तुमचा दगड मी घेतला हो. चला आता."

बाभूळ तिथून अर्ध्या मैलावर होती. मी ते वाक्य मोठ्याने नव्हे, हसत पुटपुटल्यासारखं म्हणाले होते. नरसय्या तेव्हा माझ्यापासून दहा हातांवर पाणी पीत होते, त्यांनासुद्धा ते ऐकू आलं नव्हतं. मग आप्पांना, ज्यांना मिलचा भोंगासुद्धा ऐकू यायचा नाही, त्यांना शब्दन् शब्द कसा कळला?

"मग पुढे काय म्हणाले मी?"

"मागं बगू नका म्हनालीस." आणि ते थरथरायला लागले. ओल्या कपड्यांनी असेल. मला तसं म्हणायचंय.

वाळूतला दगड आप्पांनी स्वतः उचलला. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती तरी मी आडवी आले नाही. जाताना म्हातारी जागेवर नव्हती, शेळ्याही नव्हत्या. सर मात्र काठावर येऊन उभे होते. आप्पांना बघून त्यांनी हात जोडले.

परतीच्या गाडीत मी सरांना विचारलं, हा नियम कशासाठी? ते म्हणाले, "माझे वडील रानात माणसं घेऊन जायचे, त्यांनी घालून दिलेला आहे. कारण त्यांनी सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही, सुमन. मला विचारायची भीती वाटायची."

त्यानंतर आम्ही दोघं मंडळात गेलो नाही. मी स्वतःला समजावत आले. उन्हाने भ्रम झाला. बहिऱ्या माणसाच्या कानात आवाज होतात, ते आजारात मोडतं. म्हातारीने भलत्याच बाईला बघितलं. एवढं सगळं मी वर्गात फळ्यावर लिहून पटवून देऊ शकते. पिशवीतल्या गोट्यांचं फक्त जमत नाही. ते आप्पांनी उचलले म्हणावं तर वाकून-वाकून, छातीत कळ न येता, कसे?

पुढे माझं लग्न झालं. नवरा सोलापुरातलाच, त्यामुळे आप्पा आमच्याकडेच राहिले. दगड त्यांनी बाहेरच्या खोलीत उंच फळीवर ठेवला आणि मला बजावलं, "ह्याला तू हात लावायचा न्हाईस." मी चौदा वर्षं लावला नाही. झाडतानासुद्धा नाही.

शेवटी आप्पा महिनाभर अंथरुणाला खिळून होते. कुशीवर मीच वळवायचे, पाणी चमच्याने पाजायचे. एका सकाळी मी पाठमोरी बसून औषध ओतत होते, तर म्हणाले, "सुमे, परत बोलाय लागलीस गं."

मी त्यांच्याकडे वळून, ओठ दिसतील असं विचारलं, "मी काय म्हणते?"

"त्येच. चला म्हनतीस."

"जाऊ नका, आप्पा," मी म्हणाले. रडायला आलं. "ती मी नाही. मी इथे आहे. ही बघा, ही मी."

"ठाव हाय मला," ते म्हणाले, अगदी शांतपणे. "पर आता जातो की. भिऊ नगंस. ह्या वक्ताला माजा दगड मीच उचललाय."

आणि त्यांनी पांघरुणातून मूठ काढून उघडली.

मी धावत बाहेरच्या खोलीत गेले. फळी माझ्या डोक्याच्याही वर होती, स्टुलावर चढून बघितलं. चौदा वर्षांची धूळ होती आणि मधे धोट्याच्या आकाराची स्वच्छ जागा. मुलगा शाळेत गेलेला, घरात नवरा आणि मी, दोघंच. त्याने उचलला नव्हता. मी त्याला मुलाची शपथ घालून विचारलंय, एकदा नाही, अनेकदा. आप्पा त्याच दुपारी गेले. मूठ पुन्हा कुणाला उघडता आली नाही, दगड त्यांच्याबरोबरच गेला.

मला याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, पण भ्रम म्हणू नका, तो मी म्हणून बघितलाय.

आता हे लिहायचं कारण. गेल्या वर्षापासून मलाही ऐकू येईनासं झालंय. डॉक्टर म्हणतात, वयाने होतं, मशीन लावा. लावलंय. मंडळातला माझा दगड, पांढरा, वाटाण्याएवढे ठिपके असलेला, अजून माझ्याकडे आहे. टीव्हीशेजारच्या फळीवर असतो. रोज उठल्यावर मी पहिला तो जागेवर आहे का बघते. सून फार चांगली आहे, कामाची, फक्त थोडी घाईची. कारण तिला सांगितलेलं नाही. एवढंच सांगून ठेवलंय की फळी पुसायची असेल तर तो दगड सोडून पूस.